काशी-सारनाथ, गया-बोधगया: यात्रेची आखणी करताना

या वेळच्या वाचक-प्रश्नोत्तरांत बहुतेक पत्रे उत्तरेकडील यात्रेविषयी आली आहेत. पत्रलेखकांची नावे न देता प्रश्नांचा सारांश आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न (खानापूर तालुका, महिला भजनी मंडळ): आमच्या मंडळातील बावीस जणी काशी यात्रेला जाऊ इच्छितात. एका यात्रा-चालकाने नऊ दिवसांचा कार्यक्रम दिला आहे. त्यात प्रयागराज, काशी, सारनाथ, अयोध्या, गया, बोधगया, राजगीर आणि नेपाळमधील लुंबिनी इतकी ठिकाणे आहेत. सारनाथसाठी एक तास आणि बोधगयेसाठी दोन तास ठेवले आहेत. हा कार्यक्रम योग्य वाटतो का?

उत्तर: ताई, हा कार्यक्रम स्वीकारू नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. नऊ दिवसांपैकी जाण्यायेण्याचे चार दिवस वजा केल्यास उरलेल्या पाच दिवसांत आठ ठिकाणे बसवली आहेत. याचा अर्थ आपल्या मंडळातील साठीच्या पुढच्या भगिनी बहुतेक वेळ बसमध्ये बसून राहतील आणि देवळाच्या दारात पोहोचल्यावर त्यांना "लवकर आटपा" एवढेच ऐकावे लागेल. वाराणसी ते गया हे अंतर रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, वाराणसी ते अयोध्या सुमारे दोनशे किलोमीटर आहे, आणि लुंबिनीला जायचे तर गोरखपूरच्याही पुढे जाऊन सीमा ओलांडावी लागते. नकाशावर ही ठिकाणे जवळजवळ दिसतात, पण त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर जो वेळ जातो तो छापील कार्यक्रमपत्रिकेत कधीच दिसत नाही.

आमची सूचना अशी आहे की या यात्रेचे दोन भाग करावेत आणि या वर्षी पहिलाच भाग करावा. पहिल्या भागात प्रयागराज, काशी-सारनाथ आणि गया-बोधगया ठेवावेत. अयोध्या, कुशीनगर आणि लुंबिनी यांचा गोरखपूरकडचा दुसरा भाग पुढच्या एखाद्या वर्षासाठी राखून ठेवावा. पहिल्या भागातही मुक्काम दोनच ठिकाणी करावा. काशीत चार रात्री राहावे आणि प्रयागराज तेथून एका दिवसात करून यावे, कारण ते अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. त्यानंतर बोधगयेत तीन रात्री राहावे. गयेतील पिंडदान, विष्णुपद मंदिराचे दर्शन आणि इतर सर्व विधी बोधगयेत राहूनही होतात, कारण दोन्ही गावांत जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचे अंतर आहे. उलट गयेत उतरून बोधगयेला घाईने जाऊन येणाऱ्यांना बोधगयेची पहाट आणि संध्याकाळ या दोन्ही गोष्टी कधीच मिळत नाहीत.

हे आम्ही आग्रहाने लिहीत आहोत, कारण आपल्याकडच्या बहुतेक यात्रांत सारनाथ आणि बोधगया ही ठिकाणे "वाटेत आहे म्हणून" दाखवली जातात. काशीपासून सारनाथ अवघे दहा किलोमीटर आहे. गौतम बुद्धांनी ज्ञानप्राप्तीनंतरचा पहिला उपदेश तेथे केला. तेथील धामेक स्तूपाच्या खालच्या भागावर गुप्तकाळातील दगडी पट्टा आहे. त्यावर वेलबुट्टी आणि एकमेकांत गुंतलेल्या भौमितिक आकृत्या इतक्या बारकाईने कोरल्या आहेत की तो पट्टा नीट पाहत स्तूपाची एक प्रदक्षिणा करायलाही अर्धा तास लागतो. आपल्या राष्ट्रचिन्हाचे मूळ असलेले अशोकाचे चार सिंहांचे स्तंभशीर्ष तेथील पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तर त्याच स्तंभाचे तुटलेले बुंधे बाहेर मूळ जागी उभे आहेत. दोन्ही पाहिल्याशिवाय तो स्तंभ डोळ्यांपुढे उभा राहत नाही. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणून सारनाथचा दिवस शुक्रवारी ठेवू नये. आपल्या जिल्ह्यातील जैन वाचकांसाठी एवढे नमूद करतो की अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचे जन्मस्थान म्हणूनही सारनाथ परिसर पूज्य आहे आणि धामेक स्तूपाशेजारीच त्यांचे मंदिर आहे.

काशीविषयी आपल्याला फार सांगावे लागणार नाही. आजचे विश्वनाथ मंदिर 1780 मध्ये अहिल्याबाई होळकरांनी बांधले आणि एकनाथ महाराजांनी आपले भागवत 1573 मध्ये काशीतच पूर्ण केले. भजनी मंडळाने एक संध्याकाळ घाटावर एकत्र बसून एकनाथांचे अभंग म्हणावेत, असे आम्हाला मनापासून वाटते. दशाश्वमेध घाटावरच्या आरतीला फार गर्दी असते, त्यामुळे त्यासाठी पंचगंगा घाटाकडचा शांत भाग निवडावा. विश्वनाथ मंदिरात मोबाईल आणि पिशव्या नेता येत नाहीत. बावीस जणींचे सामान सांभाळण्यासाठी दोघींनी आळीपाळीने बाहेर थांबावे, म्हणजे लॉकरच्या रांगेत वेळ जाणार नाही. आपल्या गटात लिंगायत भगिनी असतील तर त्यांना काशीच्या जंगमवाडी मठाचेही दर्शन घेता येईल. वीरशैवांच्या पंचपीठांपैकी ते एक पीठ आहे.

रेल्वेविषयी महत्त्वाचे म्हणजे एका तिकिटावर सहापेक्षा अधिक प्रवाशांचे आरक्षण होत नाही. बावीस जणींची चार तिकिटे वेगवेगळी काढल्यास मंडळ चार डब्यांत विभागले जाण्याची शक्यता असते, म्हणून गटाच्या आरक्षणासाठी रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे आधी अर्ज करावा. बेळगाव स्थानक हुबळी विभागात येते आणि मिरज पुणे विभागात. त्यामुळे गाडी जिथून पकडणार त्या विभागाकडेच अर्ज द्यावा. नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधीच सुरू होते, हेही लक्षात ठेवावे. मिरजेहून कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्स्प्रेस ही साप्ताहिक गाडी थेट गयेपर्यंत जाते. पुण्याहून दानापूर आणि बनारसकडे जाणाऱ्या गाड्याही आहेत. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, पण पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा अजून आहे. अर्जात प्रत्येकीचे वय अचूक लिहावे, म्हणजे गुडघेदुखीच्या भगिनींना वरच्या बर्थवर चढावे लागणार नाही.

यात्रा-चालकाला आपण तीन प्रश्न लेखी विचारावेत. मुक्कामाचे ठिकाण घाटापासून किंवा मंदिरापासून चालत किती अंतरावर आहे, रेल्वेचा कोणता वर्ग आहे, आणि गाडी रद्द झाल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतील. या प्रश्नांवर जो चालक टाळाटाळ करील त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरू नये.

प्रश्न (हुक्केरी तालुका, शेतकरी): आमच्याकडे ऊस कारखान्याला गेल्याशिवाय घर सोडता येत नाही. फेब्रुवारी-मार्च हा काळ यात्रेला चांगला आहे का? आमचे भटजी म्हणतात त्या तिथ्या आणि काशीच्या संकेतस्थळावरच्या तिथ्या जुळत नाहीत, असे का होते?

उत्तर: आपला काळ उत्तम आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी अखेरपर्यंत गंगेच्या पट्ट्यात दाट धुके पडते आणि गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. एप्रिलपासून उन्हाचा त्रास सुरू होतो, आणि पावसाळ्यात गंगेला पूर आला की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जाऊन नौका बंद होतात. महाशिवरात्रीला आणि होळीला काशीत प्रचंड गर्दी असते. त्या दोन सणांच्या मधला पंधरवडा मात्र तुलनेने मोकळा आणि हवेच्या दृष्टीने सुखाचा असतो. ऊस त्याआधी गेला तर तोच पंधरवडा धरावा. कार्तिकी वारी करून मग निघणाऱ्या वारकऱ्यांसाठी नोव्हेंबरचा शेवट आणि डिसेंबरचा पहिला आठवडा हाही चांगला काळ आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला बोधगयेत अनेक देशांतील भिक्खू बोधिवृक्षाखाली त्रिपिटकाचे, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांचे, सामुदायिक पठण करतात. त्या वेळी तेथील निवासव्यवस्था बरीच आधी भरते.

तिथी न जुळण्याचे कारण असे आहे की आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेकडे पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षाची नावे दोन्हीकडे सारखी असतात, पण वद्य पक्षाचा महिना त्यांच्याकडे एक पुढचा धरतात. म्हणून आपला भाद्रपद वद्य पितृपक्ष त्यांच्याकडे आश्विन कृष्ण पक्ष असतो. यातून खरी फसगत श्रावणात होते. उत्तरेकडील श्रावण आपल्या आषाढ वद्य प्रतिपदेलाच सुरू होतो, त्यामुळे "अजून श्रावण लागला नाही" असे समजून काशीला गेलेला आपला माणूस तेथील श्रावणी सोमवारच्या रांगेत सापडतो. आरक्षण करताना तिथीऐवजी इंग्रजी तारीख विचारावी.

प्रश्न (बेळगाव, शहापूर): मी आईवडिलांची एकुलती एक मुलगी आहे. दोघेही आता नाहीत. गयेत मला त्यांचे श्राद्ध करता येईल का? तेथे पैशांवरून फार त्रास होतो असे ऐकले आहे.

उत्तर: ताई, गयेत स्त्रिया पिंडदान करतात, आणि तेथील परंपरेत त्याला आधार म्हणून सीतामाईची कथा सांगितली जाते. राम-लक्ष्मण सामग्री आणायला गेलेले असताना दशरथांनी पिंड मागितला, तेव्हा सीतेने फल्गू नदीच्या वाळूचा पिंड करून तो अर्पण केला, अशी ती कथा आहे. पुढे साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा फल्गूने खोटे सांगितले म्हणून ती वाळूखालून वाहते आणि अक्षयवट या वडाच्या झाडाने खरे सांगितले म्हणून तो पूज्य राहिला, असे भाविक मानतात. फल्गूच्या काठी, विष्णुपद मंदिरात आणि अक्षयवटाखाली पिंड दिले जातात. विष्णुपदाचे आजचे मंदिर 1787 मध्ये अहिल्याबाईंनीच बांधले. आपल्या घरचे गुरुजी याविषयी वेगळे मत देत असतील तर त्यांच्याशी आधी शांतपणे बोलून घ्यावे, म्हणजे तेथे ऐनवेळी मनात शंका राहणार नाही.

गयेचे तीर्थोपाध्याय, म्हणजे गयावाळ, यजमानांच्या वंशावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने पूर्वी गयायात्रा केली असेल तर त्याचे नाव, गाव आणि तालुका लिहून न्यावा. जुन्या नोंदी बहुधा त्या वेळच्या जिल्ह्याच्या आणि संस्थानाच्या नावाने असतात, म्हणून आपले मूळ गाव पूर्वी कोणत्या संस्थानात होते तेही घरी विचारून ठेवावे. सापडलेल्या पानावर आजोबांच्या हातची मोडीतील सही दिसली, तर तिची किंमत पैशांत करता येत नाही.

पैशांविषयी नियम एकच आहे. एक दिवसाचे की तीन दिवसांचे श्राद्ध, किती ठिकाणी पिंड द्यायचे, साहित्य कोणाचे आणि एकूण दक्षिणा किती, हे संकल्प सोडण्यापूर्वी ठरवावे. संकल्पाचे पाणी हातात असताना वाढवलेली मागणी मान्य करण्याचे कोणतेही धार्मिक बंधन आपल्यावर नाही. सोबत एखादे जवळचे माणूस ठेवावे आणि व्यवहाराचे बोलणे त्याच्याकडे सोपवावे, कारण आईवडिलांच्या नावाने पिंड देताना मन हळवे झालेले असते.

प्रश्न (निपाणी, निवृत्त शिक्षक): आम्ही बौद्ध आहोत. वडिलांच्या इच्छेप्रमाणे बुद्धांच्या जीवनातील चारही स्थाने एका यात्रेत पाहायची आहेत. क्रम कसा ठेवावा आणि तेथे काय पाळावे?

उत्तर: गुरुजी, महापरिनिब्बान सुत्तात जन्म (लुंबिनी), संबोधी म्हणजे ज्ञानप्राप्ती (बोधगया), पहिला उपदेश (सारनाथ) आणि महापरिनिर्वाण म्हणजे देहत्याग (कुशीनगर) या चार स्थानांचे दर्शन श्रद्धावानाने घ्यावे असे सांगितले आहे, तेव्हा वडिलांची इच्छा परंपरेला धरूनच आहे. क्रम जीवनाप्रमाणे ठेवायचा आग्रह धरल्यास उलटसुलट प्रवास होतो. त्याऐवजी मिरजेहून थेट गयेला उतरावे, बोधगया आणि राजगीर-नालंदा करावे, तेथून सारनाथ, मग कुशीनगर, शेवटी लुंबिनी, आणि परतीला गोरखपूरहून मुंबई किंवा पुण्याकडे जाणारी गाडी घ्यावी. कुशीनगर गोरखपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. यात्रेचा शेवट जन्मस्थानी होतो, ही गोष्ट वडिलांना आवडेल अशी आशा आहे.

बोधगयेतील महाबोधी विहार 2002 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मोबाईल आत नेता येत नाही, तो बाहेरच्या खिडकीत जमा करावा लागतो. पहाटे विहार उघडताच आत जावे. तिबेटी उपासक लाकडी फळ्यांवर साष्टांग प्रणिपात करीत असतात, थाई आणि श्रीलंकेचे गट आपापल्या चालीत वंदना म्हणत असतात, आणि मधेच बोधिवृक्षाचे पान गळाले की ते उचलायला चार-पाच जण एकदम पुढे होतात. गळालेले पान घ्यावे, फांदीवरचे तोडू नये. प्रदक्षिणा डावीकडून उजवीकडे घालावी, स्तूपाच्या चौथऱ्यावर बसू नये, आणि हळदकुंकू किंवा पाणी वाहू नये. हे शेवटचे वाक्य आमच्या हिंदू वाचकांसाठी आहे. चांगल्या भावनेनेच वाहिलेल्या कुंकवाचे डाग जुन्या दगडावरून निघत नाहीत, आणि तेथील पूजेची रीत वेगळी आहे याचा मान राखणे हा तीर्थयात्रेचाच भाग आहे.

विहाराचे व्यवस्थापन 1949 च्या कायद्यानुसार हिंदू आणि बौद्ध सदस्यांच्या संयुक्त समितीकडे आहे आणि ते पूर्णपणे बौद्धांकडे द्यावे अशी बौद्ध समाजाची जुनी मागणी आहे. तेथे गेल्यावर हा विषय कानावर येईल. बोधगयेला जाणाऱ्या हिंदू यात्रेकरूनेही ही मागणी समजून घ्यावी, असे आमचे मत आहे. गया आणि बोधगया यांचे नाते एका ओळीत मावणारे नाही. गयेतील ब्रह्मयोनी टेकडी हिंदूंना पूज्य आहे आणि तीच टेकडी म्हणजे बुद्धांनी जटाधारी (जटिल) साधूंना "सर्व काही जळत आहे" हा उपदेश दिला ते गयासीस होय. बोधगयेजवळच्या धर्मारण्यात आजही हिंदू पितृपक्षात पिंडदान करतात. वेळ मिळाल्यास ब्रह्मयोनीवर अवश्य जावे, पण पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून वडिलांना खाली थांबवावे लागेल.

लुंबिनीत अशोकस्तंभ पाहताना त्यावरील लेखाचा मराठी अर्थ सोबत असू द्यावा. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी राजा स्वतः येथे आला, येथे बुद्ध जन्मले म्हणून त्याने शिलास्तंभ उभारला आणि लुंबिनी गावाचा कर कमी करून आठवा हिस्सा केला, असे त्यात कोरले आहे. बाबासाहेब आंबेडकर 1925 मध्ये ज्या निपाणीत परिषदेसाठी आले, त्या गावातून निघालेल्या यात्रेकरूने हा लेख उभे राहून वाचावा असे आम्हाला वाटते.

प्रश्न (बेळगाव, वडगाव): मी बेळगावात राहतो आणि थोरले बंधू चंदगड तालुक्यात राहतात. दोघांना मिळून सरकारी अनुदानाची यात्रा करता येईल का?

उत्तर: एकाच योजनेतून येणार नाही. कर्नाटकाच्या धर्मादाय खात्याची भारत गौरव काशी दर्शन रेल्वे 2022 मध्ये सुरू झाली. तिला बेळगावातही थांबा दिला गेला आहे, पण तिचे अनुदान कर्नाटकाच्या रहिवाशांसाठी आहे. महाराष्ट्राची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना 2024 मध्ये सुरू झाली. ती साठ वर्षांवरील महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे आणि तिला उत्पन्नाची अट आहे. सीमाभागातील अनेक कुटुंबांची ही अडचण आहे. दोघांनी एकत्रच जायचे असेल तर अनुदानाचा विचार सोडून मिरजेहून स्वतः जाणे अधिक समाधानाचे ठरेल. बोधगया दोन्ही योजनांत प्रत्येक वेळी असेलच असे धरून चालू नये, ती त्या फेरीच्या कार्यक्रमात आहे का हे आधी पाहावे.

प्रश्न (येळ्ळूर): आई बहात्तर वर्षांची असून तिला पायऱ्या उतरवत नाहीत. गंगास्नान आणि नौकेतून घाटदर्शन कसे घडवावे?

उत्तर: काशीतील नमो घाटावर उतार केलेला असल्यामुळे चाकाची खुर्ची पाण्याच्या जवळपर्यंत नेता येते. तेथून नौका घ्यावी. स्नानाचा आग्रह न धरता तांब्याने पाणी घालावे. गयेत प्रेतशिला टाळून विष्णुपद आणि अक्षयवट एवढेच करावे. राजगीरच्या शांतिस्तूपावर रज्जुमार्ग जातो, मात्र गृध्रकूटाची वाट पायीच आहे. महाबोधी विहाराचे अंगण रस्त्यापेक्षा खालच्या पातळीवर आहे, त्यामुळे तेथे आईंना हाताला धरून सावकाश उतरवावे.

प्रश्न (चिकोडी): लुंबिनीसाठी पासपोर्ट हवाच का?

उत्तर: भारतीय नागरिकाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, यांपैकी एक पुरते. केवळ आधार कार्डाच्या भरवशावर सीमेवर जाऊ नये. आपल्या भागात मतदार ओळखपत्रावर नाव कन्नड वळणाने आणि आधारवर मराठी वळणाने लिहिलेले असते, कधी आडनावाऐवजी गावाचे नाव असते. हा फरक हॉटेलात आणि सीमेवर अडचणीचा ठरतो, म्हणून निघण्याच्या दोन-तीन महिने आधी दुरुस्तीचा अर्ज द्यावा. खर्चासाठी शंभर रुपयांच्या भारतीय नोटा सोबत ठेवाव्यात, मोठ्या नोटांवर अवलंबून राहू नये. भारतीय शंभर रुपयांना नेपाळी एकशे साठ रुपये हा दर ठरलेला आहे, तेव्हा त्यापेक्षा कमी देणाऱ्या दुकानदाराकडे पैसे बदलू नयेत. सोनौली या सीमेवरच्या गावाहून भारतीय क्रमांकाच्या गाडीने पुढे जायचे असल्यास तिचा सीमाशुल्क परवाना नाक्यावर काढावा लागतो. त्याऐवजी गाडी अलीकडे ठेवून पलीकडे नेपाळी वाहन घेणे एका दिवसाच्या दर्शनासाठी सोयीचे पडते. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे असते, परतीची वेळ ठरवताना चालकाशी ते बोलून घ्यावे.